दोघी जावा आणि दख्खनची सरदेशमुखी

जालन्यात कुंडलिका नदीच्या काठी मस्तगड नावाची गढी आहे. निजामुल्मुल्क असफजाहाच्या हुकुमावरून काबिलखानाने ती इ. स. १७२५ मध्ये बांधली. ज्या मुलखावर ती उभी राहिली, त्याच्या वसुलात मराठ्यांचा हक्क किती, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. वसुलाचा चौथा हिस्सा ती चौथ आणि दहावा हिस्सा ती सरदेशमुखी. या हक्काची कथा निघाली की बाळाजी विश्वनाथाचे नाव येते, बाजीरावाचे येते. परंतु तिच्या मुळाशी दोन स्त्रिया आहेत, आणि त्या नात्याने जावा होत्या.

थोरल्या येसूबाई. १६८९ च्या मार्चात संभाजी महाराजांचा वध झाला आणि मोगली फौज रायगडाला भिडली. येसूबाईंचा शाहू तेव्हा पुरता सात वर्षांचाही नव्हता. गादीवर आपल्या मुलाचा हक्क सांगावा, असे कोणत्या आईला वाटणार नाही? येसूबाईंनी तो सांगितला नाही. धाकटे दीर राजाराम यांच्या हाती राज्य राहू दिले, एप्रिलात त्यांना गडाबाहेर पडू दिले आणि लेकरासह आपण वेढ्यात राहिल्या. राजा आणि वारस एकाच किल्ल्यात सापडू नयेत, एवढा रोकडा हिशेब त्यात होता. नोव्हेंबरात रायगड पडला. मायलेक बादशहाच्या छावणीत कैदी झाली. पण राज्याला राजा उरला.

धाकट्या ताराबाई, हंबीरराव मोहित्यांच्या कन्या. १७०० च्या मार्चात राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास. मांडीवर लहान मुलगा, आणि औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसलेला. ताराबाईंनी त्याच्याशी बोलणे लावले. मुलाला सातहजारी मनसब मिळावी, दख्खनच्या सुभ्यांची देशमुखी मिळावी, बदल्यात काही किल्ले देऊ, अशी ती मागणी होती. बादशहाला सगळेच किल्ले हवे होते. बोलणे फिसकटले. मग ताराबाईंच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. मराठ्यांविषयी एरवी कडवट लिहिणाऱ्या खाफीखानालाही या बाईच्या कर्तबगारीची तारीफ करावी लागली. एकेका किल्ल्यामागे धावून थकलेला बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरास मेला.

यानंतर मोगलांनी डाव टाकला. शाहूला सोडून दिले; येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. एका गादीला दोन वारस झाले. ताराबाईंनी शाहूचा हक्क मानला नाही, आणि त्याच वर्षी खेडच्या लढाईत त्यांचा पराभव झाला. दिवाळीत एका चुलीपुढे बसून करंज्या भरणाऱ्या जावांतही वाटणीचा शब्द निघाला की घर दुभंगते. इथे तर राज्य वाटून घ्यायचे होते. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, त्याचे बीज हेच.

सय्यद हुसेनअलीला दिल्लीच्या राजकारणासाठी मराठी फौजेची गरज पडली, तेव्हा १७१८ च्या तहात शाहूने आईची सुटका मागितली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते स्वराज्याच्या आणि दख्खनच्या सहा सुभ्यांवरील चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन, आणि त्यांच्यासवे येसूबाई! तीस वर्षांपूर्वी कैदेत गेलेली ती माउली आता म्हातारपणाकडे झुकली होती. ताराबाईंनी १७०० मध्ये आपल्या मुलासाठी जे मागितले होते, ते अशा रीतीने येसूबाईंच्या मुलाच्या पदरात पडले.

दोघींत श्रेष्ठ कोण, हा वाद घालण्यात हशील नाही. ताराबाईंना मागावे काय ते कळत होते, आणि नकार आल्यावर शत्रूला जेरीस कसे आणावे तेही. हातचे सोडणे मात्र त्यांना जमले नाही. ज्या रामराजाला आपला नातू म्हणून त्यांनी पुढे आणले, त्यालाच १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेवले. येसूबाईंपाशी फौज नव्हती, अधिकार नव्हता. पण केव्हा काय सोडावे, हे त्यांनी रायगडावर एकदाच आणि अचूक ओळखले.

सनदा मिळाल्या तरी निजामाने त्या सुखासुखी मानल्या नाहीत. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याला कोंडीत धरले, तेव्हा कुठे मुंगी-शेवगावच्या तहात त्याने चौथाई-सरदेशमुखी कबूल केली. मस्तगड बांधून तेव्हा तीनच वर्षे झाली होती.