अरेस्टिनची साक्ष

फळमाशीच्या मेंदूत डोपामिनचा रेणू रिसेप्टरला येऊन चिकटतो, निरोप देतो आणि सुटून जातो. मागे काही उरत नाही. मग मोकळी फिरणारी, भुकेली माशी काय अनुभवत होती, ते नंतर कसं कळावं?

यावरचा तोडगा माशीसाठी जन्मलाच नव्हता. २००८ साली कोलंबिया विद्यापीठातल्या रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेतून गिलाड बार्निया आणि सहकाऱ्यांनी ‘टँगो’ ही पद्धत मांडली, ती काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर. निरोप मिळालेल्या रिसेप्टरला गप्प करायला अरेस्टिन नावाचं प्रथिन धावून येतं. त्यांनी साक्षीला निवडलं ते यालाच. अरेस्टिनला तंबाखूवरच्या एका विषाणूचं, प्रथिनं कापणारं विकर जोडलं. रिसेप्टरच्या शेपटीला जनुक चालू करणारं प्रथिन टांगलं आणि मधे त्या विकराला कापता येईल असा दुवा ठेवला. अरेस्टिन आलं की दुवा तुटतो, सुटलेलं प्रथिन केंद्रकात पोचतं आणि खुणेचं जनुक जागं होतं. तुटलेला दुवा पुन्हा जुळत नाही, म्हणून क्षणभराची भेट तासन्‌तास वाचता येते. या सगळ्या रचनेतलं सर्वांत सुंदर पाऊल मला हेच वाटतं.

२०१२ साली कॅलटेकमध्ये हिदेहिको इनागाकी, डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी माशीच्या एका डोपामिन रिसेप्टरवर टँगो बसवला. माश्या उपाशी ठेवल्यावर गोड चव ओळखणाऱ्या चेतापेशींमध्ये खूण वाढली. भूक अगदी पहिल्या पायरीवर, चव घेणाऱ्या पेशींपाशीच काम करते, हे त्यातून दिसलं. डोपामिनमुळे त्या पेशी साखरेला अधिक तत्परतेने दाद देतात. गंमत अशी की खुणेसाठी वापरलेला रिसेप्टर एक होता, आणि या वागणुकीला प्रत्यक्ष लागणारा, डॉप-ईसीआर, दुसराच निघाला. डोपामिन कुठे पोचलं ते टँगो सांगतो. पेशीने त्याचा निरोप कोणत्या दाराने आत घेतला, हे वेगळं शोधावं लागतं. नेमकं कधी पोचलं, तेही त्या खुणेवरून कळत नाही.

पुढे ब्राउन विद्यापीठात बार्नियांच्या गटाने २०१७ साली हीच युक्ती पेशींच्या जोडण्या शोधायला वळवली. एका चेतापेशीच्या टोकावर मानवी ग्लुकागॉन बांधायचं आणि इतर चेतापेशींवर त्याचा मानवी रिसेप्टर बसवायचा. माशीच्या स्वतःच्या कारभारात या जोडीला काही काम नसतं. त्यामुळे जी पेशी उजळते, ती त्या पहिल्या पेशीची पुढची शेजारीण.