पनवेलहून निघालेली फौज आणि राघोबादादांचा करार

‘संकटात आम्ही तुमच्या मदतीला येऊ’ असे वचन देणारे लष्करी करार कितपत पाळले जातात? याचे एक जुने उदाहरण पनवेलशी जोडलेले आहे.

पेशवेपदासाठी झगडणाऱ्या रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांनी मार्च 1775 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारशी सुरतेचा तह केला. कंपनीने 2,500 सैन्य द्यायचे. त्या बदल्यात साष्टी आणि वसई, फौजेच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये आणि सहा लाखांचे दागिने तारण. मित्राला मदत करताना तारण घ्यावे लागते, यातच परस्परांवरील विश्वास किती होता ते कळते.

अडचण वेगळीच निघाली. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने हा तह नामंजूर केला आणि 1776 मध्ये बारभाईंशी पुरंदरचा तह केला. मुंबईने मात्र दादांना सोडले नाही. नोव्हेंबर 1778 मध्ये कंपनीची मुख्य फौज पनवेलला उतरली आणि खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. सोबत तोफा, सामानाचे बैल आणि खुद्द दादा. चाल इतकी संथ होती की मराठ्यांना तयारीला भरपूर वेळ मिळाला. जानेवारी 1779 मध्ये तळेगावपर्यंत पोचलेली फौज माघारी वळली, वडगावला वेढली गेली आणि तिने शरणागती पत्करली. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. हेस्टिंग्जने हा करारही फेटाळला.

म्हणजे वचन देणाऱ्याला ते देण्याचा अधिकार होता का, हा प्रश्न पहिला. दुसरा, करारात नेमके काय लिहिले आहे हा. 1949 च्या नाटो करारातील पाचवे कलम एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानते, पण प्रत्येक देशाने ‘स्वतःला आवश्यक वाटेल’ तेवढीच कारवाई करायची मुभाही ठेवते. सैन्य पाठवलेच पाहिजे असे त्यात नाही. हे कलम सप्टेंबर 2001 मधील अमेरिकेवरील हल्ल्यानंतर पहिल्यांदा लागू केले गेले.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. 1782 च्या सालबाईच्या तहात कंपनीने दादांचा पक्ष सोडला, त्यांना दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक ठरली. साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली.