सायलेन्सर : एका नांवाचा इतिहास

सायलेन्सर हा शब्द आतां मराठी घरांत परका राहिलेला नाहीं. मोटारीच्या किंवा फटफटीच्या मागल्या अंगास असलेली ती लांबट नळी लहान मुलांनाही ठाऊक असते. ती काढून टाकून रात्रीं-अपरात्रीं रस्त्यानें धडधडाट करीत जाणाऱ्या तरुणास पोलीस अडवितात, कारण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें वाहनाला सायलेन्सर असणें सक्तीचें आहे. परंतु याच तत्त्वावर बनविलेलें साधन बंदुकीच्या तोंडाशीं बसविलें कीं कायद्याची दृष्टि एकदम पालटते. मोटारीला जें सक्तीचें, तेंच बंदुकीला संशयास्पद ! असें कां व्हावें ? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास आपण अमेरिकेंत जाऊन पोहोंचतों, आणि तेथें एक पितापुत्रांची जोडी, एक फसवें नांव व दोनशें डॉलरांचा एक कर अशा तीन गोष्टी आपणांस भेटतात.

पित्याचें नांव हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. १८४० सालीं मेन राज्यांत जन्मलेला हा कल्पक कारागीर पुढें इंग्लंडांत स्थायिक झाला, आणि १८८४ च्या सुमारास त्यानें आपल्या नांवाची सुप्रसिद्ध मशीनगन सिद्ध केली. गोळी सुटतांना बंदूक मागें जो धक्का देते त्याच धक्क्याच्या बळावर रिकामें काडतूस बाहेर फेकावयाचें आणि नवें आंत ओढून घ्यावयाचें, ही त्याची युक्ति. आफ्रिका खंड पादाक्रांत करतांना युरोपीय सत्तांनीं या बंदुकीचा जो उपयोग केला तो इतिहासांत नमूद आहे; १८९८ सालीं सुदानांत ओमदुर्मान येथें हजारों माणसें एका सकाळीं धारातीर्थीं पडलीं, त्यांत या यंत्राचा वाटा मोठा होता. इंग्रज सरकारनें १९०१ सालीं मॅक्सिमला 'सर' ही पदवी दिली. परंतु वर्षानुवर्षें बंदुकांच्या चाचण्या घेऊन घेऊन त्याचे कान निकामी झाले आणि उतारवयांत त्याला जवळजवळ कांहींच ऐकूं येईनासें झालें.

त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम हा १८६९ सालीं जन्मला. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणाच्या प्रख्यात संस्थेंतून त्यानें अवघ्या सतराव्या वर्षाच्या आंत पदवी मिळविली, आणि पुढें हार्टफर्ड शहरांतील पोप कंपनींत मोटारगाड्या बनविण्याच्या कामांत तो गढून गेला. आवाज म्हणजे काय, तो कोठून येतो आणि कसा आवरावा, हा विचार मोटारींच्या एंजिनांनीं त्याच्या डोक्यांत घातला असल्यास नवल नाहीं. न्हाणीच्या टबांतील पाणी भोंवरा करीत मोरींतून निघून जातांना पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, अशी एक आख्यायिकाही त्याच्याविषयीं सांगतात.

कल्पना सोपी आहे. बंदुकीची दारू पेटली म्हणजे तिचा अतिशय तप्त व दाबलेला वायु गोळीच्या मागोमाग नळीच्या तोंडांतून एकदम बाहेर पडतो, आणि त्याचाच बार आपण ऐकतों. नळीच्या तोंडाशीं एक पोकळ डबी बसवून तिच्यांत एकामागून एक पडदे घातले, तर तो वायु त्या पडद्यांत अडखळत, भोंवरे खात, थंड होत हळूहळू बाहेर येतो, व बार मंदावतो. मोटारीच्या नळींतही याहून निराळें कांहीं घडत नाहीं. १९०९ च्या मार्चमध्यें मॅक्सिमला या साधनाचें पेटंट मिळालें. पेटंटावर त्यानें नांव घातलें 'निःशब्द बंदूक', आणि बाजारांत माल आणला तो 'मॅक्सिम सायलेन्सर' म्हणून. शेजाऱ्यांची झोंप न मोडतां घरच्या आवारांत नेमबाजीचा सराव करतां यावा, असा त्याच्या जाहिरातींचा सूर असे. कोणीही सद्गृहस्थानें अवघ्या कांहीं डॉलरांत तो टपालानें मागवावा, इतकी ती साधी वस्तु होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या संग्रहांतही मॅक्सिम सायलेन्सर बसविलेली एक विंचेस्टर बंदूक होती.

पण घोटाळा झाला तो येथेंच. सायलेन्सर म्हणजे मौन घडविणारा. आणि मौन तर हें साधन कधींच घडवीत नाहीं. मोठ्या बंदुकीचा बार सुमारें १६० डेसिबेल भरतो. एकशें चाळीसच्या पलीकडचा एकच बार कानाला कायमची इजा करूं शकतो, असें वैद्यकशास्त्र सांगतें. उत्तम सायलेन्सर या आवाजांतून वीस ते तीस डेसिबेल कमी करतो. म्हणजे जें उरतें तेंही रस्ता फोडणाऱ्या यंत्राच्या आवाजाहून अधिकच असतें. शिवाय गोळी जर ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारें ३४० मीटरांहून, जलद जात असेल, तर हवा चिरीत जातांना ती स्वतःच आसुडासारखा कडाका काढते, आणि त्याला नळीच्या तोंडाशीं बसविलेली डबी काय करणार ? हलक्या काडतुसाची व मंद गोळीची लहान बंदूक असेल तरच आवाज खरोखर क्षीण होतो. सिनेमांत मारेकरी 'फुस्' असा आवाज करून माणूस लोळवितो आणि शेजारच्या खोलींत कोणास पत्ताही लागत नाहीं, तें चित्र बहुतांशीं सिनेमाचेंच आहे. विक्रीसाठीं दिलेलें नांव लोकांनीं अक्षरशः खरें मानलें, आणि ज्यांनीं तें खरें मानलें त्यांत पुढें कायदे करणारेही होते.

रेडिओच्या श्रोत्यांना या मॅक्सिमचा आणखी एक विशेष सांगितलाच पाहिजे. १९१४ सालीं हार्टफर्डहून जवळच्याच स्प्रिंगफील्ड गांवीं त्याला बिनतारी संदेश पाठवावयाचा होता. त्याचें यंत्र तेवढें पोहोंचेना. तेव्हां वाटेंतील एका हौशी माणसाच्या केंद्राकडे संदेश देऊन त्याच्याकरवीं तो पुढें पाठविण्यांत आला. यांतूनच हौशी बिनतारीवाल्यांची साखळी उभारण्याची कल्पना निघाली, आणि 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' ही संस्था त्याच वर्षीं स्थापन झाली. ती आजही नांदत आहे. बंदुकीचा आवाज कोंडूं पाहणाऱ्या माणसानें मनुष्याचा आवाज मात्र दूरवर नेण्यासाठीं अशी खटपट केली.

यानंतर काळ फिरला. १९२० पासून अमेरिकेंत दारूबंदी आली आणि तिच्या पोटीं चोरट्या दारूचा व्यापार करणाऱ्या टोळ्या आल्या. १९२९ च्या १४ फेब्रुवारीस शिकागोंत सात माणसांना भिंतीशीं उभें करून गोळ्या घालण्यांत आल्या. १९३३ च्या फेब्रुवारींत मायामी येथें निर्वाचित अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावर गोळीबार झाला. ते वाचले, पण शिकागोचे महापौर अँटन सेर्माक हे त्या जखमेनें पुढें दगावले. देश हादरला होता. ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनीं कायद्याचा मसुदा पुढें आणला, आणि १९३४ च्या २६ जूनला 'नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट' अमलांत येण्यासाठीं अध्यक्षांची सही झाली.

मध्यवर्ती सरकारला शस्त्रांवर सरळ बंदी घालण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, याविषयीं शंका होती. परंतु कर बसविण्याचा अधिकार निर्विवाद होता. म्हणून बंदीऐवजीं कर आला. मशीनगन, आंखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांच्या प्रत्येक हस्तांतरावर दोनशें डॉलर द्यावेत व सरकारी पटावर नोंद करावी, असें ठरलें. थॉमसन मशीनगनची किंमतच त्या वेळीं जवळजवळ तेवढी होती. आजच्या मानानें तो आंकडा चार हजार डॉलरांहून अधिक भरेल. मूळच्या मसुद्यांत पिस्तुलेंही होतीं. गुन्ह्यांत अधिक वापरलीं जाणारीं तींच. पण विरोध फार झाल्यानें तीं वगळलीं गेलीं. सायलेन्सर मात्र राहिला. त्याच्यावर चर्चा अशी जवळजवळ झालीच नाहीं. त्याच्या बाजूनें बोलण्यास कोणी उरलेंही नव्हतें, कारण मॅक्सिमच्या कंपनीनें बंदुकीचे सायलेन्सर बनविणें त्यापूर्वींच सोडून कारखान्यांतील एंजिनांचे आवाज आवरण्याचा धंदा पत्करला होता. १९३६ च्या फेब्रुवारींत मॅक्सिम वारला. १९३७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, हा कर आहे व म्हणून तो वैध आहे, असा निर्वाळा दिला.

या कायद्याचा कांटा कोठें बोचतो, तें जुन्या हत्यारांच्या शोकिनांच्या मेळाव्यांत समजतें. अमेरिकेंत गांवोगांवीं अशीं प्रदर्शनें भरतात. टेबलांवर आपापला संग्रह मांडून लोक एकमेकांस कारागिरी दाखवितात, घडणीचीं वर्षें ताडून पाहतात. मॅक्सिमचा १९१० चा नमुना ही त्यांच्या लेखीं मोठ्या मानाची वस्तु; त्याचें छिद्र मुद्दाम मध्याच्या वर ठेवलेलें असल्यानें डबी नळीखालीं झुकते व नेम धरणाऱ्याची दृष्टि मोकळी राहते. असा सायलेन्सर सरकारी पटावर असेल तर वारसाला तो कराशिवाय मिळतो. परंतु आजोबांनीं तो १९१२ सालीं टपालानें मागविला आणि पुढें नोंदच केली नाहीं, असें असेल तर ? नातवाला तो आज नोंदवितां येत नाहीं. माळ्यावरच्या पेटींत तो सांपडल्यावर जवळ बाळगणें हाच गुन्हा, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास. १९६८ च्या अखेरीस एक महिन्याची माफीची मुदत देण्यांत आली होती; ती संपली, ती संपली. घेतांना जी वस्तु पूर्णपणें कायदेशीर होती, ती घरांत जागच्या जागीं पडून राहून गुन्हा बनली.

कर मात्र दोनशेंचा तो दोनशेंच राहिला, आणि महागाईनें त्याची धार बोथट केली. २०२१ सालीं नोंदलेल्या सायलेन्सरांची संख्या सव्वीस लाखांवर गेली होती. शिकारी व नेमबाज आपल्या कानांचें रक्षण हें कारण पुढें करूं लागले. त्यांच्या संघटनेनें आपल्या नांवांतील 'सायलेन्सर' हा शब्द काढून 'सप्रेसर', म्हणजे दाबणारा, हा शब्द घातला. नांवानें काय बिघडलें, हें त्यांनाही उमगलें होतें. नॉर्वेसारख्या देशांत तर शिकाऱ्यास त्यासाठीं वेगळा परवानाही लागत नाहीं. उलट बाजूही पोकळ नाहीं. २०१९ च्या ३१ मे रोजीं व्हर्जिनिया बीच येथें बारा माणसांची हत्या करणाऱ्याच्या पिस्तुलावर असाच सप्रेसर होता. बार कोठून झाला हें कळण्यास दोन क्षण उशीर झाला तरी जीव जातात, असें विरोधक म्हणतात, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसह आठ राज्यांनीं तो खासगी लोकांस वर्ज्य केलेला आहे. आपल्याकडील १९५९ चा शस्त्र कायदाही, बंदुकीचा आवाज कमी करणारें साधन बंदुकीच्याच व्याख्येंत धरतो.

२०२५ च्या ४ जुलै रोजीं सही झालेल्या अर्थविषयक कायद्यानें सायलेन्सरवरील दोनशें डॉलरांचा कर शून्यावर आणला, आणि १ जानेवारी २०२६ पासून तो अमलांत आला. नोंदणी मात्र कायम राहिली. आतां मौज अशी कीं, जो पट केवळ कराच्या आधारावर उभा होता, त्याच्या खालून करच निघून गेला. मग पटाला आधार कशाचा, असा प्रश्न करणारे खटलेही न्यायालयांत दाखल झाले.

शस्त्र कोणाच्या हातीं जातें याची नोंद सरकारनें ठेवावी, हें मला वावगें वाटत नाहीं. पण ती नोंद वस्तूच्या खऱ्या गुणदोषांवर ठरावयास हवी. व्हर्जिनिया बीचच्या बारा मृतांचा विचार करतांना आणि माळ्यावरची पेटी उघडणाऱ्या त्या नातवाचा विचार करतांना, पुढें ठेवावयाचा प्रश्न एकच आहे : हें साधन आवाज किती कमी करतें, आणि त्यानें कोणाचें काय होतें ? १९३४ सालीं तो कोणी विचारला नाहीं. नव्वद वर्षांनंतर तो न्यायालयांत विचारला जात आहे, तोही करून पाहिलेल्या मोजमापाच्या वाटेनें नव्हे, तर कराच्या आडवाटेनें.