केडगावच्या जुळारी स्त्रिया

पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव म्हटले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आठवते. आजचा थ्रेड तेथील छापखान्याविषयी आहे.

'यूजर एक्सपीरियन्स' ही संज्ञा डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये रूढ केली. वस्तू घडवण्याआधी ती वापरणाऱ्याचा विचार करावा, हे तिचे सार. दुसऱ्या पेशातून या क्षेत्रात येणाऱ्यास आपले जुने ज्ञान बाजूला ठेवणे जड जाते. रमाबाईंचे जुने ज्ञान तर थोडेथोडके नव्हते.

आई लक्ष्मीबाईंकडून संस्कृत शिकलेल्या रमाबाई कुटुंबासह पायी हिंडत पुराणे सांगत. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधी दिल्या.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी निराधार मुली व विधवा केडगावी आणल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. भुकेल्या पोटी चालणे म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. (त्यांच्या धर्मांतरावर तेव्हाही वाद झाले, आजही होतात, तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.)

मुक्तीत विणकाम होते, तेलघाणा होता, गोठा होता आणि छापखानाही होता. खिळे जुळवणे हे काम सोपे नाही. अक्षरे उलटी वाचावी लागतात. रोमन लिपी शंभरेक खिळ्यांत भागते. देवनागरीला जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या धरून कित्येक शे खिळे लागतात, आणि कोणता खिळा कोणत्या खणात हे हाताला पाठ असावे लागते. हे काम केडगावात स्त्रिया करीत. काल ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, त्यांतल्या काही आज मुद्रिते काढीत होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली होती. तिने अंध स्त्रियांना वाचायला शिकवले.

इसवी १९०५ च्या आसपास रमाबाईंनी बायबलचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होतेच. पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातील बाईच्या कानाला परकी, शिवाय त्यातील कित्येक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले, असे त्यांचे मत होते. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. ज्या संस्कृतने त्यांना कीर्ती दिली, तेच शब्द त्या वेचून काढीत होत्या! माझ्या मते हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड व्यवसायांतर होते.

श्रमाच्या मानाने यश लाभले नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. काही ठिकाणी रमाबाईंची मराठी अतिशब्दशः होऊन अडखळतेही.

मनोरमा १९२१ मध्ये वारली. अखेरची मुद्रिते तपासून रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. जुळणी अर्थातच केडगावच्या स्त्रियांची.