आढ्याचें पाणी वळचणीला

कौलारू घरांत ज्यांचे पावसाळे गेले आहेत त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. माजघरांत जेथें थेंब पडतो तेथेंच वर कौल फुटलेलें असतें असें नाहीं. पाणी आढ्याजवळ कोठेंतरी आंत शिरतें, वाशाच्या पोटाला धरून चार हात खालीं उतरतें, रिपेवर क्षणभर विसांवतें आणि मग भलत्याच ठिकाणीं टपकूं लागतें. शाकारणी करणारा जाणता मनुष्य म्हणूनच थेंबाखालीं पातेलें ठेवून स्वस्थ बसत नाहीं. तो थेंबापासून उलट दिशेनें वर शोध घेत जातो. ‘आढ्याचें पाणी वळचणीला’ ही म्हण आपण एरवीं निराळ्या अर्थानें वापरतों. पण तिचा मूळचा अर्थ जितका घराला तितकाच मोटारगाडीलाही लागू पडतो. मोटार म्हणजे तरी काय? चाकांवर फिरणारें एक छप्परच. हें छप्पर कसें घडलें, त्यानें पावसाशीं कोणता समझोता केला, आणि गाडी जुनी झाली म्हणजे तो समझोता कां मोडतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलों तो ग्रंथांमुळें नव्हे. आमच्या घरीं वडिलांची, म्हणजे अण्णांची, एक जुनी चारदारी गाडी आहे. लागोपाठ तीन पावसाळे तिच्यांत पाणी येत होतें. प्रथम कुबट वास, मग सकाळीं कांचांवर आंतून धरलेलें बाष्प, आणि शेवटीं पुढच्या आसनाखालचा गालिचा पिळला तर तांब्याभर पाणी, अशी पायरीपायरीनें मजल गेली. दर वर्षीं कारागीर बोलावला, दर वर्षीं त्यानें दिसेल ती फट बुजविली, आणि दर वर्षीं पाणी पूर्वीपेक्षां अधिकच सांचलें. घरांत गाडी मोडींत काढण्याची भाषा सुरू झाली. अण्णा कांहीं बोलले नाहींत. खुंटीवरची किल्ली काढून त्यांनीं आपल्या कपाटांत ठेवली, इतकेंच. फटी बुजवीत गेलें तर पाणी वाढतें कसें, या कोड्याचें उत्तर शोधतां शोधतां मी मोटारीच्या इतिहासांत शिरलों.

कार्ल बेंझ यांनीं जर्मनींत १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें तिला छप्परच नव्हतें. मोटारीचे पहिले कारागीर हे घोडागाड्या बांधणाऱ्यांचे शिष्य. त्यामुळें छप्पर आलें तेंही घोडागाडीकडूनच, म्हणजे मिटतां-उघडतां येणाऱ्या टपाच्या रूपानें. या टपाच्या कापडाला पुढें रबराची मदत झाली. चार्ल्स मॅकिंटॉश यांनीं १८२३ सालीं कापडाच्या दोन थरांमध्यें रबराचा लेप घालून जलाभेद्य कापड तयार केलें. पण तें उन्हाळ्यांत चिकट आणि थंडींत ताठ होई. अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची युक्ति सांपडली व १८४४ सालीं त्यांनीं तिचें पेटंट घेतलें. मोटार जन्माला येण्यापूर्वींच, ती कोरडी ठेवण्याची सामग्री अशी सिद्ध होऊन बसली होती.

तरीही पहिल्या पिढीच्या मोटारी कोरड्या नव्हत्या. १९०८ सालीं निघालेली फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी बहुतेक लोक उघड्या स्वरूपांतच घेत. पाऊस आला म्हणजे खालीं उतरावें, टप उभारावा, बाजूंना बटणांनीं पडदे लावावे, आणि तोंवर अर्धें भिजून झालेलें असावें, हा त्या काळचा रिवाज. त्या गाडींतून पाणी गळतें अशी तक्रार कोणी करीत नसे. कारण जी वस्तु बंदच नाहीं ती गळते असें म्हणावें तरी कसें? गळतीची तक्रार ही बंद छपरानें जन्माला घातलेली आहे.

आणि तें बंद छप्पर फार झपाट्यानें आलें. अमेरिकेंत १९१९ सालीं विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांत सुमारें एकच बंद असे. १९२७ सालीं हें प्रमाण शेंकडा ८५ च्या घरांत गेलें. परंतु या ‘बंद’ गाडीचें छत कशाचें होतें, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. पुरेशा रुंदीचा पोलादी पत्रा त्या वेळीं सहज मिळत नसे. म्हणून छताच्या मधोमध मोठा चौकोन मोकळा सोडीत. त्यावर लांकडी पट्ट्या, पट्ट्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी, जाळीवर कापसाचा थर, आणि सर्वांवर रोगण दिलेलें कापड ताणून बसवीत. हें कापड उन्हानें तडकलें कीं कापूस पाणी पिई, लांकूड कुजे, आणि थेंब प्रवाशांच्या टोपीवर पडे. आपल्याकडे घर शाकारतात तसें हें छतही अधूनमधून रोगण देऊन नीट करावें लागे. मुंबईकरांनाही हीं छतें अपरिचित नव्हतीं. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत परदेशांतून आणलेल्या भागांची जुळणी सुरू केली तो काळ अशाच छतांचा होता.

हें संकट टळलें तें मोटारीच्या कारखान्यांत नव्हे, तर पोलादाच्या. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत रुंद पत्रा अखंड लाटून काढणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. मोठ्या दाबयंत्रांखालीं सबंध छत एकाच पत्र्यांतून घडविणें आतां शक्य झालें. १९३५ सालच्या गाड्यांसाठीं जनरल मोटर्सनें असें अखंड पोलादी छत आणलें व त्याला ‘टरेट टॉप’ असें नांव दिलें. थोड्याच वर्षांत लांकूड, जाळी आणि कापूस यांचें युग संपलें.

येथें असें वाटण्याचा संभव आहे कीं, छत अखंड झालें तेव्हां गळतीचा प्रश्न सुटला. वस्तुतः तसें झालें नाहीं. प्रश्नानें फक्त आपली जागा बदलली. छत अखंड झालें तरी दारें उघडावयाचीं होतींच, कांचा वरखालीं करावयाच्या होत्याच, आणि पुढची मोठी कांच पत्र्याच्या चौकटींत बसवावयाची होतीच. त्यांतही दारांतील सरकती कांच ही सर्वांत अवघड बाब. जी कांच दाराच्या पोटांत उतरते तिच्याबरोबर पाणीही उतरणारच. कोणतीही लोकरीची वा रबराची पट्टी तें पूर्णपणें पुसून काढूं शकत नाहीं. मोटार घडविणाऱ्यांनीं ही हार शहाणपणानें पत्करली. त्यांनीं पाण्याला दारांत शिरूं दिलें, परंतु त्याला बाहेर पडावयास दाराच्या तळाशीं भोकें ठेवलीं. आणि आंतल्या बाजूस, शोभेच्या तक्त्यामागें, डांबरी कागदाचा किंवा पुढें प्लास्टिकचा पडदा लावला, म्हणजे तें पाणी प्रवाशांकडे न वळतां तळाकडे जावें. दारांवर छताच्या कडेनें पन्हळ आली. पुढच्या कांचेखालीं, जेथें पानें आणि पाणी दोन्ही सांचतात, तेथें निचऱ्याची वाट ठेवण्यांत आली. सरकत्या छतांच्या गाड्यांत चौकटीभोंवतीं चर आणि त्याच्या कोपऱ्यांतून खांबांच्या पोटांत उतरणाऱ्या नळ्या आल्या. अशा रीतीनें मोटारीच्या छपराचा इतिहास हा पाणी अडविण्याचा इतिहास म्हणून सुरू झाला, आणि पाण्याला वाट काढून देण्याचा इतिहास म्हणून परिपक्व झाला.

याच काळांत आणखी एक स्थित्यंतर घडत होतें. जुन्या मोटारींत खालीं भक्कम लोखंडी चौकट असे आणि वरचा सांगाडा तिच्यावर नुसता बसविलेला असे. इटलींतील लान्सिया कंपनीच्या १९२२ सालच्या ‘लँब्डा’ गाडीनें दाखवून दिलें कीं, सांगाड्यालाच सर्व भार वाहावयास लावतां येतो. पुढें बहुतेक गाड्या याच पद्धतीनें होऊं लागल्या. त्यायोगें गाडी हलकी झाली खरी. पण पायाखालचा पत्रा आणि दाराखालचा उंबरठा हे आतां नुसतें आच्छादन राहिले नाहींत. ते गाडीचीं हाडें बनले. त्यामुळें जमिनीवर सांचणारें पाणी ही केवळ गैरसोय न राहतां गाडीच्या प्राणावर बेतणारी गोष्ट झाली.

आतां आमच्या गाडीकडे वळतों. चौथ्या पावसाळ्यांत एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणें धाडलें. त्यांनीं गाडीभोंवतीं एक फेरी मारली, दारावर बोटांनीं टिचक्या मारल्या आणि मला म्हणाले, “साहेब, पाणी आंत कां येतं, हें मागाहून बघूं. तें बाहेर कां जात नाहीं, तें आधीं बघूं.” मला वाटतें, आतांच सांगितलेला सारा इतिहास या दोन वाक्यांत मावतो.

त्यांची शोधाची रीत ध्यानांत ठेवण्याजोगी होती. आसनें, गालिचा आणि त्याखालचा नमदा त्यांनीं प्रथम बाहेर काढला व गाडी दोन दिवस वाळूं दिली. ओल्या गाडींत ताजें पाणी ओळखूं येत नाहीं. मग जमिनीवर खडूची पूड भुरभुरविली, मला विजेरी देऊन आंत बसविलें, आणि स्वतः बाहेरून रबरी नळीनें पाण्याची बारीक धार सोडली. ही धार त्यांनीं खालून वर नेली: आधीं उंबरठा, मग दाराचा तळ, मग कांच, आणि सर्वांत शेवटीं छप्पर. वरून आरंभ केला असता तर सर्व जागा एकदमच भिजल्या असत्या आणि गुन्हेगार ओळखूं आला नसता. प्रत्येक जागीं दहा दहा मिनिटें ते थांबले. धार दाराच्या कांचेवर आली आणि थोड्याच वेळांत आंतल्या तक्त्याखालून एक ओली रेघ निघून खडूच्या पुडींत उतरली.

तक्ता काढला तेव्हां सर्व उलगडा झाला. आंतला पडदा पूर्वींच्या कोणा कारागिरानें फाडून टाकला होता, आणि तळाचीं भोकें, ‘फट’ समजून, लांबीनें बुजविलीं होतीं. दार म्हणजे एक हौदच होऊन बसला होता. मिस्त्रींनीं तारेनें एक भोक मोकळें केलें मात्र, गढूळ पाण्याची धार लागली ती बराच वेळ थांबेना. आम्हीं तीन वर्षें पैसे मोजून, पाण्याला पळून जावयाच्या वाटाच बंद करून घेतल्या होत्या. पुढच्या कांचेखालच्या निचऱ्याचीही तीच गत. तेथें गुलमोहराच्या पानांचा लगदा झाला होता. दारांचें रबर पाहण्यासाठीं त्यांनीं कागदाची पट्टी दारांत धरून दार लावलें व पट्टी ओढली. जेथें ती अडली तेथें रबर शाबूत, जेथें सुळकन् निघाली तेथें तें निकामी. इतक्या सोप्या परीक्षेला यंत्र लागत नाहीं.

परंतु खरी धास्ती पुढेंच होती. चालकाच्या आसनाखालीं पत्रा पापडासारखा झाला होता. स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक दाबतांच तें आरपार गेलें. आसन ज्या बोल्टांवर उभें होतें त्यांपैकीं दोन बोल्ट केवळ गंजाच्या कडेनें धरलेले होते. याच आसनावर बसून अण्णा रोज बाजारांत जात होते. गालिचा ओला आहे म्हणून आम्ही कुरकुरत होतों. त्याखालीं काय चाललें आहे तें उचलून पाहावें, असें मात्र कोणाला सुचलें नव्हतें. गंजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगनें जोडला, सांध्यांत सीलंट भरला, वर रंग दिला; दारांत नवे पडदे लावले आणि रबर बदललें. हा क्रमही महत्त्वाचा आहे: आधीं निचरा, मग रबर, मग सांधे, आणि रंग सर्वांत शेवटीं. आम्हीं तीन वर्षें तो नेमका उलटा चालविला होता.

एवढी गोष्ट मात्र सांगितली पाहिजे कीं, गाडींतलें प्रत्येक पाणी पावसाचेंच असतें असें नाहीं. वातानुकूलित गाडींत यंत्राचें पाणी वाहून नेणारी नळी तुंबली तर ऐन उन्हाळ्यांतही पायाखालीं ओल येते. म्हणून पाणी केव्हां येतें, पावसांत कीं यंत्र चालू असतांना, गाडी उतारावर उभी असतांना कीं सपाटीवर, हें आधीं पाहून ठेवावें. निम्मा शोध तेथेंच लागतो.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईंत फियाट घराण्याच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी १९६४ च्या सुमारास आल्या आणि त्यांच्यांतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. त्या गाड्यांच्या दारांवर छताच्या कडेनें गेलेली बारीकशी पन्हळ पुष्कळांना आठवत असेल. ती शोभेची रेघ नव्हती. घोडागाडीच्या टपापासून चालत आलेल्या एका दीर्घ शिकवणुकीची ती खूण होती.

वैशाखांत आपण घर शाकारतों, पन्हळी झाडतों, मोऱ्या मोकळ्या करतों. जुनी गाडी असेल त्यानें त्याच दिवशीं एक तार घेऊन दारांच्या तळाचीं भोकें मोकळीं करावीं, कांचेखालचीं पानें काढावीं, आणि गालिचा उचलून एकदां खालचा पत्रा पाहावा. आमच्या घरीं हें काम आतां अण्णा स्वतः करतात. गाडीची किल्ली पुन्हां खुंटीवर आली आहे, आणि शेजारींच ती तारही टांगलेली असते.