लोणारच्या दगडात सूर्याचे बालपण

१९६८ साली मी सातवीत होतो. आमच्या शाळेची सहल मेहकरहून एस.टी.ने लोणारला गेली. धारेवर हातपाय धुऊन, दशम्या-चटणी खाऊन आम्ही काठावर उभे राहिलो. गुरुजी म्हणाले, ‘‘पोरांनो, हा विझलेला ज्वालामुखी आहे.’’ आम्ही वहीत लिहून घेतले. परतताना वाटेवरचा एक काळा, काचेसारखा चकाकणारा खडा मी खिशात टाकला. तो आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्याच्याविषयीच आज बोलायचे आहे.

गुरुजी चुकले, असे मी म्हणणार नाही. तेव्हा चांगले जाणकारही तेच म्हणत. गावाचे उत्तर तर त्याहून जुने. लवणासुर नावाचा दैत्य येथे जमिनीखाली लपला होता. विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपात त्याच्या बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. ते झाकण ढाकेफळला जाऊन पडले, असे लोक सांगत. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली. पुढे साहेब लोक पाहून गेले आणि बहुतेकांनी ज्वालामुखीकडेच बोट दाखवले. त्यात नवल नव्हते. आपला सगळा मुलूखच लाव्हाच्या काळ्या पाषाणाचा. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील एका विवराशी लोणारचे साम्य दाखवले; पण ॲरिझोनाचे विवर उल्केचे नव्हे, वाफेच्या स्फोटाचे, असा कौल त्याने दिला. तो कौल पुढे खोटा ठरला.

लोणारचा निकाल १९७३ साली लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील संशोधकांनी सरोवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खालचा दगड वर काढला. त्यात मास्केलिनाइट सापडले. पाषाणातल्या स्फटिकाला प्रचंड धक्का बसला की त्याचे असे काचेत रूपांतर होते. ज्वालामुखीच्या आचेने ते होत नाही. चंद्रावरून आणलेल्या दगडांतही अशाच खुणा होत्या. म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा खड्डा आकाशातून आलेल्या शिळेने पाडला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ही घटना सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षांपूर्वीची.

पण ती शिळा गेली कुठे? आघाताच्या उष्णतेने तिचा बराचसा भाग वितळला, वाफ झाला. तिचा अंश उरला तो येथल्याच वितळलेल्या पाषाणात मिसळून. तो ओळखायचा कसा?

त्यासाठी सूर्याच्या बालपणात जावे लागते. सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा एक मोठा ढग स्वतःच्याच ओढीने आकसू लागला. आकसताना त्याचे फिरणे वाढले आणि तो भाकरीसारखा चपटा झाला. मधोमध सूर्य पेटला, भोवतीच्या तबकडीत धुळीचे कण चिकटत जाऊन दगड झाले, दगडांचे ग्रह झाले. कांट याने १७५५ मध्ये आणि लाप्लास याने १७९६ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा ती निव्वळ कल्पना होती. २०१४ साली चिलीतील अल्मा दुर्बिणींनी वृषभ राशीतल्या एका कोवळ्या ताऱ्याचे चित्र घेतले, त्यात अशी तबकडी कडी-कडी पडलेली स्पष्ट दिसली.

या तबकडीतला माल मात्र नीट कालवला गेला नव्हता. आपण पीठ मळताना मीठ सगळीकडे सारखे लागले नाही, तर एक घास खारट, एक अळणी लागतो. तसेच झाले. वेगवेगळ्या मेलेल्या ताऱ्यांची धूळ कुठे जास्त, कुठे कमी राहिली. क्रोमियम धातूचे अणू चार वजनांचे असतात. त्यांतल्या सर्वात जड अणूचे प्रमाण सूर्याजवळ बनलेल्या दगडांत कमी आणि लांब, थंडीत बनलेल्या कार्बनयुक्त दगडांत जास्त आढळते. म्हणजे क्रोमियम पाहून दगडाचे माहेर सांगता येते.

२०१९ साली संशोधकांनी लोणारच्या वितळलेल्या दगडांतले क्रोमियम तपासले. काही नमुन्यांत तीन टक्क्यांपर्यंत बाहेरचा माल निघाला, आणि त्याची खूण कार्बनयुक्त उल्कांशी जुळली. अशा उल्का बहुधा गुरूच्याही पलीकडच्या थंड भागात घडल्या, असे आज मानले जाते. आपल्या बुलढाण्याच्या मातीत पडलेला तो पाहुणा पृथ्वीहूनही जुना, ग्रह बनवताना उरलेल्या मालातला होता.

आता माझ्या खड्याकडे येतो. तो आघाताची काच आहे की साधा पाषाण, हे प्रयोगशाळा सांगू शकेल. पण तो काठाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या थरात पडला होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. बारा वर्षांच्या पोराने ते पान फाडून नेले. माझ्यासारखी किती पोरे तेथे जाऊन आली असतील! विवराच्या काठाबाहेर उडून पडलेला तो मालाचा थर शेती, रस्ते आणि घरांखाली जातो आहे. लोणारला २००० साली अभयारण्याचा आणि २०२० साली रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पाणी, झाडे आणि पक्षी यांची काळजी वाढली, ही आनंदाची गोष्ट आहे. दगडांकडे मात्र अजून कोणी तसे पाहत नाही.

परवा नातवाला घेऊन लोणारला गेलो. काठावर त्याने एक चकाकता खडा उचलला आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, ‘‘बघ, हात लाव, आणि होता तिथेच ठेव.’’ त्याने ठेवला. ‘‘आजोबा, तुमचा कुठून आणला होता?’’ असे त्याने विचारले, तेव्हा मला जागा दाखवता आली नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)