पगाराची स्लिप नसलेलं घर

गृहकर्जाचा इतिहास म्हटला की आपण मुंबईपासून सुरुवात करतो. १९७७ साली हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली, १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक आली, आणि पुढे आपल्यासारखे आयटीवाले हप्ते भरायला लागले! पण लातूर-नांदेडकडच्या खेड्यातला शिंपी, सुतार, किराणावाला या इतिहासात दिसतच नाही. का बरं?

कारण बँकेला दोन कागद लागतात. एक कमाईचा, एक जागेचा. शिंप्याला पगाराची स्लिप कुठली? लग्नसराईत पैसा, एरवी मशीन थंड. जागेचंही तेच. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला बहुतेक ठिकाणी नुसता ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची नोंद. त्याने मालकी सिद्ध होत नाही. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ सालीच नांदेडला सुरू झाली, पण तिचाही भर शेतीवर. मग घर बांधायचं ते भिशी, सोनं गहाण नाहीतर सावकार, आणि तेही एकेक खोली करत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. पुनर्वसनाला जागतिक बँकेचं कर्ज मिळालं, ५२ गावं नव्या जागी वसली. घराचं माप मात्र जमिनीवरून ठरलं! भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे हातावर पोट असणाऱ्याचं घर पुन्हा सगळ्यात लहान.

पण त्याच कार्यक्रमात एक भारी गोष्ट झाली. जी गावं हलवली नाहीत, तिथे मालकाने स्वतः घर दुरुस्त करायचं, इंजिनिअरने काम तपासलं की पुढचा हप्ता. पगार कुणी विचारला नाही, भिंत बघितली.

ते अनुदान होतं, कर्ज नव्हे, हे मान्य. पण पद्धत उचलायला काय हरकत आहे? २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजून सनदा मिळताहेत, म्हणजे जागेचा कागद सुटतोय. काही गृहवित्त कंपन्या दुकानात बसून गल्ला बघून कर्ज देतात, पण व्याज बँकेपेक्षा चढं. स्लिप नसल्याचा दंडच तो! एका खोलीपुरतं, कामाप्रमाणे हप्त्यांत मिळणारं कर्ज स्वस्तात मिळालं, तर त्या २५० फुटांना दुसरी खोली जोडली जाईल.